वर्गातली लेकरं आपली कशी होतात : झेडपी शाळेवर नव्यानं आलेल्या शिक्षकांसाठी, जून ते एप्रिल

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन आमच्या तालुक्यात जी नवीन पोरं-पोरी जॉइन झाली त्यातल्या चार-पाच जणांचे मला सारखे फोन असतात. प्रश्न साधारण तेच ते. सर, वर्ग ऐकतच नाही. सर, चौथीत आहे पण अक्षर ओळखत नाही. सर, आईबाप भेटतच नाहीत. आणि बोलता बोलता एक वाक्य येतंच, की हातात छडी नाही तर मग पोरं धाकात राहणार कशी. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून होत नाही म्हणून एकदाच बसून नीट लिहितोय. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात द्विशिक्षकी शाळेवर बरीच वर्षं काढली, नंतर सातवीपर्यंतच्या शाळेवर आलो, त्यामुळं उदाहरणं तिकडचीच येणार, ऊसतोड, तांडा, दोन खोल्या आणि चार वर्ग. तुम्ही नंदुरबारला असाल नाहीतर कोकणात, आपापल्या गावाप्रमाणं थोडं इकडचं तिकडं करून घ्या.

आधीच एक सांगतो. लेकराशी नातं जोडायला वेळापत्रकात वेगळा तास नसतो. ते हजेरी घेताना जुळतं, वही तपासताना जुळतं, खिचडीच्या ओळीत जुळतं, आणि तुटतंही तिथंच. म्हणून खाली जे सांगणार आहे ते सगळं आपल्या रोजच्याच कामातलं आहे, जास्तीचं काही नाही.

पहिला आठवडा : पुस्तक राहू द्या, नावं पाठ करा

जूनमध्ये शाळा उघडली की आपल्याला घाई असते पुस्तकं वाटायची, टाचण काढायचं, पहिला धडा सुरू करायचा. मी म्हणतो पहिले सहा दिवस तो धडा बाजूला ठेवा. एक शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला दोन पानं द्या. वर त्याचं रजिस्टरवरचं नाव, खाली घरी काय म्हणतात ते. हे दोन नेहमी वेगळं असतं. रजिस्टरवर भारदस्त नाव आणि घरी बाळ्या नाहीतर छकुली. घरचं नाव माहीत असावं पण वर्गात त्या नावानं हाक मारायची का हे त्या पोरालाच विचारा, काहींना आवडतं, काहींना अजिबात नाही.

मग त्या वहीत हळूहळू भर टाका. घर कुठल्या वस्तीवर, येताना ओढा लागतो का, घरात कोण कोण, घरात कुठली भाषा, काय आवडतं, काय केलं की गप्प होतं. एका दिवसात नाही होत हे, जुलैअखेरपर्यंत चालतं. पण सातव्या दिवशी तरी वर्गातल्या प्रत्येक पोराला तुम्ही न बघता नावानं हाक मारता आली पाहिजे. "ए निळा शर्ट" म्हणणाऱ्या सरांचं पोरं ऐकत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही.

हजेरी कशी घ्यायची ते जरा सविस्तर सांगतो कारण ती आपण सगळे तोंडपाठ पाढ्यासारखी उरकतो. नाव पुकारायचं, पोरगं म्हणणार हजर सर, आपली मान रजिस्टरमध्येच. त्याऐवजी मान वर करा, नाव घ्या, पोराकडं बघा आणि रोजचा एकच प्रश्न सगळ्यांना, उत्तर एका शब्दात. आज सकाळी काय खाल्लं. येताना काय दिसलं. काल रात्री कुणाशेजारी झोपलास. अठ्ठावीस पोरांना सात-आठ मिनिटं लागतात, जास्त नाही. आणि यातून जे कळतं ते कुठल्याच फॉर्ममध्ये सापडत नाही. "काय खाल्लं" ला सलग तीन दिवस "काही नाही" म्हणणारं पोरगं पहिल्या तासाला पेंगणारच, त्याला आळशी म्हणण्याआधी खिचडीवाल्या ताईंना सांगून ठेवा की याला जरा जास्त वाढा. नियमानं पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि ४५० कॅलरीचं जेवण मिळायला हवं, पण जो सकाळपासून उपाशी आहे त्याला ते मापात बसवून चालत नाही.

आणि गैरहजर पोरगं दुसऱ्या दिवशी आलं की पहिलं वाक्य काय बोलता ते बघा. "काल कुठं गेला होतास" हे आपण चौकीत विचारल्यासारखं विचारतो. "काल तुझी जागा रिकामी होती बघ, पाढे म्हणायला तुझाच आवाज लागतो" असं म्हणा, मग कारण ते स्वतःच सांगतं.

कडेवरचा भाऊ

एका वर्षी माझ्याकडं तिसरीत एक पोरगी होती, आठवड्यातून तीन दिवस यायची, दोन दिवस नाही. आली की शेवटच्या ओळीत, बोलायची नाही, वही अर्धी कोरी. मी घरी निरोप पाठवले, काही फरक नाही. एका सकाळी मीच लवकर गेलो तर ही शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी, कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचा भाऊ, दप्तर पाठीला, आणि आत यावं की परत जावं असं चाललेलं. आई खुरपायला गेली की लहानग्याला सांभाळायचं हिच्याकडं. भावाला घेऊन शाळेत यायची लाज, आणि घरी ठेवायला कुणी नाही.

मी तिला म्हटलं, घेऊन ये आत. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकली, दोन डबे आणि चार खडू दिले. पहिले दोन दिवस सगळा वर्ग त्याच्याकडंच बघत होता, तिसऱ्या दिवशी सवय झाली. त्याची शी-शू तीच बघायची, नंतर दुसऱ्या पोरीही मदत करायला लागल्या. अंगणवाडीतल्या ताईंशी बोललो तेव्हा त्या म्हणाल्या वय बसत नाही पण दुपारपर्यंत बसू द्या, मी बघते. त्या वर्षी ती पोरगी सगळ्यात नियमित आली. बाकी मी काहीच केलं नव्हतं, ना समुपदेशन ना काही. म्हणून सांगतो, अनियमित पोराचं कारण शोधताना आधी त्याच्या अंगावर घरातलं कुठलं काम आहे ते बघा. लहान भावंड, शेरडं, पाणी, आजारी आजी. त्या कामाला तुम्ही वर्गात जागा करून दिली की पोरगं येतं.

भाषा घरची

बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीत आल्यावर आपण म्हणतो भाकरी, त्यांच्या घरात ती बाटी. आपण म्हणतो आई, त्यांची याडी. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी, भिली, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी, आणि बाकी गावात मराठी असली तरी ती पुस्तकातली नसतेच. पहिलीतलं पोरगं गप्प आहे याचा अर्थ त्याला येत नाही असा नसतो, तुम्ही काय म्हणताय तेच त्याला कळत नाही असाही असतो.

करायचं काय तर पहिल्या महिन्यात त्या भाषेतले तीस-चाळीस शब्द पोरांकडूनच शिका. शिका म्हणजे खरंच शिका, फळ्यावर चित्र काढायचं, शेजारी त्यांचा शब्द, शेजारी मराठी शब्द. तुमचा उच्चार चुकला की पोरं हसतील, हसू द्या, त्या दिवशी पहिल्यांदा ती गुरू होतात आणि तुम्ही विद्यार्थी, पहिलीतली भीती तिथंच अर्धी जाते. पोरगं बोलत असताना मध्येच थांबवून "असं नाही, असं म्हण" करू नका. ते म्हणालं "म्या गेल्तो", तुम्ही फक्त म्हणा, "अच्छा, मी गेलो होतो म्हणतोस, मग?" एवढं पुरतं. शुद्ध भाषा कानावर पडत राहिली की येते, टोकून टोकून फक्त तोंड बंद होतं.

कोण कुठं आहे ते एकेकट्याला बसवून बघा

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला जवळ बसवून वाचून घ्या. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, या चार पायऱ्या. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत हीच पद्धत आहे आणि वर्गात वापरायला ती फार सोपी आहे, एका पोराला तीन-चार मिनिटं. पण हे बाकीच्यांसमोर करू नका. व्हरांड्यात बसा, बाकी वर्गाला चित्र काढायला द्या. पाचवीतल्या पोराला सगळ्यांसमोर "क" ओळखता आला नाही तर ते पोरगं तुम्हाला वर्षभर माफ करत नाही, मग ते दंगा करणार, कारण दंगेखोर म्हणवून घेणं ढ म्हणवून घेण्यापेक्षा बरं.

मग रोज एक तास वर्ग पायरीप्रमाणं बसवायचा, इयत्तेप्रमाणं नाही. गटांना नावं द्यायची ती बाभूळ, बोर, लिंब अशी काहीतरी, हुशार गट कच्चा गट असलं अजिबात नको. दर पंधरा दिवसांनी परत वाचून घ्या आणि गट बदला, पोरांना दिसलं पाहिजे की गट बदलतो. बाकीचे तास सगळे एकत्र.

गणितात एक जागा हमखास अडते ती सांगतो. फळ्यावर एकोणपन्नास लिही म्हटलं की दुसरी-तिसरीतली निम्मी पोरं ५९ लिहितात. पोरगं मठ्ठ नसतं, त्याच्या कानावर "पन्नास" पडतं आणि ते पाचानं सुरुवात करतं. आपली मराठी संख्यानामं खरंच अवघड आहेत, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. वाद राहू दे, तुम्ही दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा, पाच जुड्या ठेवा, एक काडी काढून घ्या आणि मग म्हणा "एक ऊन पन्नास", ऊन म्हणजे कमी. दोन दिवसांत सुटतं.

आणि हिशेब पोरांना येत असतो, कागदावर येत नसतो, हेही लक्षात ठेवा. ऊसतोडीच्या फडावरून परत आलेला पाचवीतला एक पोरगा माझ्याकडं १८० वजा ११५ करताना रोज अडकायचा, उसना घ्यायचाच नाही. एक दिवस सहज विचारलं, गाडी भरायला १८० मोळ्या लागतात, ११५ टाकल्या, राहिल्या किती? "पासष्ट", मी वाक्य पूर्ण करायच्या आत. मग त्यालाच फळ्यापाशी उभं केलं आणि म्हटलं कसं काढलंस ते सांग. तो म्हणाला ११५ वर पाच टाकल्या १२०, मग साठ. तीच त्याची रीत, तीच आम्ही त्या आठवड्यात सगळ्या वर्गाला शिकवली आणि उसन्याची मांडणी नंतर. त्याच्या नावानं वर्गात ती "मोळीची रीत" झाली.

शिस्त, छडीशिवाय

आता तो मुख्य प्रश्न. कायदा आधी सांगतो म्हणजे शंका नको. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याचं कलम १७ सरळ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, केला तर शिस्तभंगाची कारवाई. छडी तर नाहीच, पण अंगठे धरायला लावणं, उठाबशा, कान पिळणं, उन्हात उभं करणं, "तुझ्या बापाला पण काही आलं नाही" म्हणणं, हे सगळं त्यातच येतं. पालक येऊन सांगतील "सर, बिनधास्त हाणा त्याला, आमची काही तक्रार नाही", तरी नाही. पालकाच्या परवानगीनं हा कायदा सैल होत नाही.

पण मी फक्त कायद्याच्या भीतीनं थांबलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पोराला मी कानाखाली मारली होती. वही आणली नाही म्हणून, तिसऱ्यांदा. तो काही बोलला नाही, दुपारी घरी गेला आणि चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, आदल्या आठवड्यात पावसानं गळलेलं, आणि चुलीच्या वर तारेवर त्याच्या वह्या वाळत घातलेल्या, कपडे घालतात तशा, मधोमध उघडून. पानं धुरानं पिवळी पडलेली, शाई फुटलेली, पण एकही वही फेकली नव्हती. मला तिथं बोलता येईना. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हटलं की माझं चुकलं, मी न विचारता मारलं. मारलं होतं सगळ्यांसमोर म्हणून माफीही सगळ्यांसमोर. त्यानंतर हात उचलला नाही.

तर मग करायचं काय. नियम चार-पाचच ठेवा आणि पोरांकडूनच काढून घ्या, "आपल्या वर्गात काय झालं की तुम्हाला वाईट वाटतं" असं विचारलं की नियम आपोआप निघतात, चिडवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, दुसऱ्याची पेन्सिल न विचारता घ्यायची नाही. त्यांच्याच अक्षरात भिंतीवर लावा. गोंधळ वाढला की आवाज चढवू नका, उतरवा, अगदी हळू आवाजात गोष्ट सुरू करा, पुढची ओळ गप्प होते मग मागची. जो बोलतोय त्याचं नाव न घेता शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभे रहा, नव्वद टक्के वेळा तेवढ्यानं भागतं. जे पोरगं सतत उठतं त्याला उठायचं काम द्या, खडू आण, घंटा दे, पाण्याचा माठ बघ, त्याचं अंगच तसं असतं.

मारामारी झाली की दोघांना वेगळं करा, पाणी प्यायला पाठवा आणि न्यायनिवाडा लगेच करू नका. सुट्टीत दोघांना वेगवेगळं ऐका. विचारायचं "काय झालं", "का केलंस" नाही, कारण "का" ला पोराकडं उत्तर नसतं आणि मग ते खोटं बोलतं. नुकसान केलं असेल तर भरपाई त्यानंच करायची, वही फाडली तर दुसऱ्याची वही लिहून द्यायची.

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून दंगा करणारी पोरंही असतात हे विसरू नका. डोळे बारीक करून बघतं का, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत वर्षातून एकदा येते, त्या आधी आपली यादी तयार असली पाहिजे. चष्मा मिळाल्यावर एका आठवड्यात "सुधारलेली" दोन पोरं मी स्वतः पाहिलीत.

जात, यादी आणि झाडू

हे थोडक्यात पण नीट वाचा. शिष्यवृत्तीची कागदपत्रं मागताना वर्गात "अमुक जातीच्या मुलांनी उभं रहा" असं म्हणू नका. आपण घाईत म्हणतो, आणि ते पोरगं त्या दिवसापासून वर्गात वेगळं होतं. यादीतल्यांना एकेकट्याला चिठ्ठी द्या. वर्ग झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकानं, पोरगा असो पोरगी असो, आणि आठवड्यातून एक दिवस झाडू आपल्या हातात. खिचडीला ओळी कशा बसतात तिकडं लक्ष ठेवा, कोण कुणाशेजारी बसत नाही ते दिसतं. भाषण देऊ नका, रोज जागा बदला आणि स्वतः ताट घेऊन मध्ये बसा.

पालकांकडं तक्रार घेऊन जायचं नाही, निदान पहिल्यांदा तरी

पालक शाळेत येत नाहीत कारण शाळेतून बोलावणं आलं म्हणजे काहीतरी वाईट ऐकायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून पहिली भेट कौतुकाची. ऑगस्टपर्यंत प्रत्येक घरी एकदा जा, दिवे लागणीच्या वेळी, कारण दिवसा रानात असतात. चहा घ्या, नको म्हणू नका. "मावशी, तुमच्या पोरीनं काल सगळ्या वर्गाला गोष्ट सांगितली" एवढंच सांगून निघा. पुढं कधी अडचण सांगायची वेळ आली तर तेच घर ऐकून घेतं. आईला मावशी नाहीतर ताई, बापाला भाऊ, दादा, आणि म्हाताऱ्यांना आजी-बाबा. आपण पगारी माणूस आणि ते रोजंदारीवर, तिथं "अहो-जाहो" मध्ये जरा कमी पडलं की त्यांना लगेच कळतं.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. सह्यांपुरती बैठक घेऊ नका. माझ्या शाळेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न आम्ही दोन वर्षं पत्रव्यवहारात घालवला, समितीतल्या दोन बायकांनी ग्रामसभेत उभं राहून तो एका महिन्यात सोडवला.

दिवाळीनंतरचा वर्ग

आमच्याकडचं सगळ्यात अवघड काम हे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांकडं निघतात, ट्रकमध्ये भांडी, शेरडं, आणि वर बसलेली आपली पोरं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. म्हणजे पोराचं निम्मं वर्ष गेलं.

हे काम सप्टेंबरातच सुरू करायचं, दिवाळीनंतर काही हातात राहत नाही. यादी करा, कोण जाणार, घरी मागं कोण राहणार. आजी-आजोबा असतील तर पोरगं मागं ठेवा म्हणून बोला, हंगामी वसतिगृहाची सोय मंजूर करून घेता येते, पोरगं आजीकडंच झोपतं आणि जेवणाची सोय होते. त्याचा प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे, मुख्याध्यापकांच्या मागं लागा. पण आईबापाशी बोलताना "पोराचं वाटोळं करताय" हे शब्द तोंडातून काढू नका. आई पोरीला सोबत नेते कारण मागं ठेवायला तिचा जीव धजत नाही, आणि मोठ्या पोरीच्या बाबतीत ती भीती खोटी नाही. आजीच्या घराशेजारी कोण राहतं, रात्री कोण असतं, हे आईसोबत बसून ठरवा, मग ती ठेवते.

जे जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. तिथल्या शाळेनं दाखल्यासाठी अडवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगा, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दप्तरात एक वाचनाचं पुस्तक, दोन वह्या, पाढ्यांचा कागद. आणि बापाचा नाहीतर मुकादमाचा नंबर. फोन करायचा तो रात्री आठच्या सुमारास, पहाटे उठून फडात जाणारी माणसं असतात, नऊनंतर झोपलेली असतात. पीडीएफ पाठवू नका, ते कुणी उघडत नाही. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, पोराचं नाव घेऊन, एक छोटी गोष्ट आणि शेवटी एक प्रश्न. त्यानं उत्तराचा मेसेज पाठवला तर तो वर्गात सगळ्यांना ऐकवा. हजेरीत त्याचं नाव रोज घ्या. बाकीची पोरं म्हणतील "कारखान्यावर". नाव घेतलं जातंय हे त्याला फोनवर कळतं, आणि परत आल्यावर पोरगं तोंड लपवत नाही.

परत आल्यावर पहिला आठवडा परत जूनसारखाच. झालेला अभ्यास भरून काढायची घाई नको. पाचवीच्या नि आठवीच्या पोरांसाठी मात्र लक्ष द्या, २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. पुनर्परीक्षेच्या आधीचे दिवस या पोरांसाठीच ठेवा.

कागदं

लवकर उरकतो. ऑनलाइन माहिती, फोटो, लिंक, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, हे संपत नाही. पहिले दोन तास मोबाइल कपाटात ठेवायचा हा नियम करा आणि मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना तसं सांगून ठेवा. माहिती दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास, एकदाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही, हे पाठ असू द्या, आणि नम्रपणे, लेखी विचारा. तुम्ही फोनमध्ये मान घालून बसलात की पोरं पाच मिनिटांत ओळखतात की आज सर आपल्यासाठी आलेले नाहीत.

सहावी ते आठवी

मोठी पोरं वेगळी. त्यांना सर्वांसमोर रागावणंही नको आणि सर्वांसमोर फार कौतुकही नको वाटतं. बोलायचं ते चालता चालता, शेजारी उभं राहून, मैदानावर. मित्र व्हायला जाऊ नका, त्यांना मित्र आहेत, त्यांना एक मोठं माणूस हवं असतं जे घाबरत नाही आणि बोभाटा करत नाही. एकट्या मुलाशी नाहीतर मुलीशी बोलताना दार उघडं ठेवा, रात्री खासगी मेसेज नको, पोरांचे चेहरे दिसणारे फोटो आपल्या स्टेटसला नको.

मुलींच्या पाळीबद्दल वर्गात साध्या शब्दांत बोला, पुरुष शिक्षक असाल तर आशाताईंना नाहीतर आरोग्य केंद्राच्या सिस्टरना बोलवा. कपाटात पॅड ठेवा आणि मुलींना माहीत असू द्या की न विचारता घ्यायचे.

आणि एखाद्या पोरीनं, पोरानं असं काही सांगितलं की तुमच्या छातीत धस्स झालं, तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही. शांत ऐका. खोदून खोदून विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. म्हणा, "मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, आता मी मदत आणतो." लैंगिक अत्याचाराचा संशय जरी असला तरी पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, मग गावात कुणी कितीही म्हणो की मिटवून घेऊ. त्या लेकराचं नाव कुठंही फुटू द्यायचं नाही. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

बालविवाहाचंही तसंच. आठवीतली पोरगी दिवाळीनंतर एकदम गप्प झाली, हातावर मेंदी, मैत्रिणी कुजबुजतात, थांबू नका. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडीताईंना सगळं आधी कळलेलं असतं, आणि १०९८ आहेच. आईशी बोलायला एकटे जाऊ नका, शाळेतल्या मॅडमना नाहीतर समितीतल्या एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्या.

एप्रिल

निकालपत्रक भरून झालं की जूनमधली ती शंभर पानी वही काढा. प्रत्येक पोराच्या शेवटच्या पानावर पुढच्या शिक्षकासाठी तीन-चार ओळी लिहा. गुण नको, ते पत्रकात आहेत, आणि त्या पोरानं तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं खासगीही नको. लिहायचं ते असं : मोठ्यानं वाचायला घाबरतो, आधी एकट्यात वाचून घ्या मग वर्गात उभा राहतो. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवा कान आपल्याकडं येईल असं बसवा. आई-वडील ऑक्टोबरात जातात, आजी भली आहे, सप्टेंबरातच भेटा. उसना येत नव्हता, मोळ्यांवर विचारा, लगेच येतो.

ती वही पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका, आणि अर्धा तास बसून एकेक पान दाखवा.